गाडी पुढून बसली, तर पान्याआधी टेप घ्या

"गाडी पुढून बसलीय, बोल्टला दोन आटे मारून दे." पिकअप आणि वडापवाल्यांच्या तोंडी हे वाक्य कायम असतं. हल्ली तर बरेच जण गॅरेजलाही जात नाहीत. घरच्या अंगणात जॅक लावायचा, खाली शिरायचं, बोल्ट आवळायचा आणि गाडी उचलली की खूश व्हायचं. मीही माझ्या पिकअपचं हे काम घरीच करतो आणि ते घरी करता येतं. पण ज्या घाईनं ते केलं जातं, ती बघून काळजी वाटते. म्हणून चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी खाली वाकून बघा, तुमच्या गाडीला हा बोल्ट आहे का. टाटा एससारख्या गाडीला पुढे पाटे असतात, तिथं असा बोल्ट नसतो. पाटा बसला तर तो काढून कमान भरून घ्यावी लागते किंवा बदलावा लागतो. स्प्रिंगच्या गाडीलाही असा बोल्ट नसतो. हा बोल्ट असतो टॉर्शन बारच्या गाड्यांना. क्वालिस, तवेरा, टाटा झेनॉन या त्यातल्या. चेसिसच्या कडेनं लांबच लांब सरळ पोलादी दांडा जातो. त्याचं एक टोक चाकाच्या आर्मला असतं, दुसरं टोक मागं एका छोट्या आर्ममध्ये अडकवलेलं असतं. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि तो पीळच गाडी तोलून धरतो. मागच्या छोट्या आर्मला जो बोल्ट असतो, त्यानं पिळाची सुरुवात कुठून व्हायची एवढंच ठरतं.

इथंच बहुतेकांची चूक होते. बोल्ट आवळल्यानं दांड्यात जास्त ताकद येत नाही. जेवढ्या वजनाला तो आधी जेवढा दबायचा, तेवढाच नंतरही दबतो, फक्त वरून सुरुवात करतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरायचा आणि पुढचा भाग खाली गेला म्हणून आटे मारायचे, हा इलाज नव्हे. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. पण दंड भरून सुटका होते, बॉल जॉइंट तुटला की होत नाही.

म्हणून पाना उचलण्याआधी टेप घ्या. गाडी रिकामी करा, सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर आणा, चारी टायरमध्ये हवा बरोबर भरा. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, पुढचा बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग चाकाच्या बरोबर मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून घेऊ नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात तुमच्या गाडीची उंची कुठून कुठे मोजायची हे दिलेलं असतं. पुस्तक मिळालं तर तोच आकडा खरा धरा.

माझ्या गाडीचं माप गेल्या उन्हाळ्यात उजवीकडे ४८ आणि डावीकडे ४९.५ सेंटिमीटर निघालं. उजवी बाजू ड्रायव्हरची, रोजचं वजन तिथंच, त्यामुळे ती आधी बसते. तरी मी लगेच बोल्टाला हात लावला नाही. चार पायांच्या टेबलासारखं असतं हे. मागचा एक पाटा बसला तरी गाडी पुढून कललेली दिसते. हे ओळखणं सोपं आहे. मागच्या बाजूला चेसिसच्या बरोबर मध्यावर जॅक लावून मागची बाजू थोडी उचला, म्हणजे मागचे पाटे गाडी कलवतही नाहीत आणि तिला कलण्यापासून रोखतही नाहीत. आता पुढचं कलणं गेलं, तर दोष मागच्या पाट्यात आहे. तसंच राहिलं, तर पुढे शोधा. पुढे शोधताना आर्मचे बुश बघा, बॉल जॉइंट हलवून बघा, मागचा छोटा आर्म आणि तो ज्या चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकतो ती पट्टी गंजलीय का, चिरलीय का ते बघा. कोकणातल्या गाड्यांना ही पट्टी गंजानं पोखरलेली सापडते. तशी दिसली तर बोल्टाला हात लावू नका, सरळ गॅरेज गाठा.

आता जॅकबद्दल. मागच्या पावसाळ्यात अंगणातल्या मुरमावर मी जॅक लावला होता. पाना आणायला म्हणून बाहेर आलो आणि जॅकचं बूड एका बाजूनं रुतलं. गाडी तिरकी झाली आणि धाडकन खाली आली. मी जिथं पडून काम करत होतो तिथं आता चेसिस टेकली होती. त्या दिवसापासून एक नियम केलाय, तुम्हीही करा: जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी तोलायला घोडी. चेसिसखाली दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, खाली सपाट कडक जमीन. विटा आणि लाकडाचे ठोकळे यांच्यावर भरवसा ठेवू नका. वीट फुटताना आधी आवाज करत नाही.

गाडी घोड्यांवर घेतली आणि पुढची चाकं लोंबती ठेवली की बोल्टावरचा ताण बराच कमी होतो. तरी दांडा पूर्ण सैल झालेला नसतो, हे विसरू नका. बोल्ट पूर्ण काढायला जाऊ नका. उरलेला पीळ एकदम सुटला तर तो छोटा आर्म हाताचं हाड मोडतो. तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

बोल्ट बहुतेक वेळा चिखलानं आणि गंजानं भरलेला असतो. आदल्या रात्री तारेचा ब्रश मारून आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी आटे उघडे दिसले की किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा आणि बोल्टाच्या डोक्यावर खडूनं किंवा रंगानं रेघ ओढा. मग एक फेरा, बस. गाडी खाली घ्या, ढकला, बंपर दाबा, दोन्ही बाजूंची मापं परत घ्या. एका बाजूचा बोल्ट फिरवला की दुसरी बाजूही थोडी हलते, म्हणून दोन्हीकडे टेप लावायची. माझ्या गाडीला उजवीकडे असा तीन वेळा एकेक फेरा लागला, डावीकडे अर्धा उलटा. यात अख्खी सकाळ गेली आणि ती जायलाच हवी. दोन्ही बाजूंत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक राहिला तर राहू द्या.

उंच दिसावी म्हणून गाडी कंपनीच्या मापापेक्षा वर नेण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः तरुण पोरांना. तसं केलं की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. स्पीडब्रेकर उतरताना पुढून धाड धाड आवाज येतो तो याचाच. बॉल जॉइंट वाकड्या कोनात राहतात आणि लवकर झिजतात. फोर बाय फोर असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरही तोच ताण येतो. दांडा थकलाय असं वाटलं तर नवीन टाका, पण बाजू बदलू नका. डावा दांडा डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच चालतो, कारण तो एका दिशेच्या पिळासाठी बनवलेला असतो. टोकावर तशी खूण असते.

उंची जरा जरी बदलली तरी चाकांचे कोन बदलतात. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवा टायरसुद्धा काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेनं खाल्ला जाईल. आणि संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झोत बघा. पुढचा भाग वर आला की झोतही वर जातो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत घुसतो. दिव्यामागचा स्क्रू फिरवून तो खाली घ्यायला पाच मिनिटं लागतात.

शेवटी दोन्ही बाजूंची मापं, बोल्टाचे आटे आणि तारीख एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. दिवाळीला गाडी धुवाल तेव्हा त्याच जागी परत टेप लावा.