अंधेरीचे मानक आणि आपली पऱ्हाटी



सीसीआयच्या केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावा मोजायचे यंत्र कापसात घुसते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर गेला तर गाडी परत. हा आकडा ठरताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. आता आपल्या शेताचेही आकडे ठरू लागले आहेत. या वेळी तरी गप्प बसू नये, म्हणून हा विषय बैठकीपुढे ठेवत आहोत.

हे ठरवणाऱ्या संस्थांची ठाणी मुंबईच्या उपनगरात आहेत. अंधेरीच्या एमआयडीसीत 'मानकालय' आहे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे पश्चिम विभागाचे कार्यालय. वांद्रे-कुर्ला संकुलात शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी आहे.

१९९६ साली जिनिव्हाच्या आयएसओ संस्थेने पर्यावरण व्यवस्थापनाचे १४००१ हे मानक काढले. ब्यूरोने ते भारतीय मानक म्हणून स्वीकारले. गिरणीने नाल्यात किती घाण सोडावी, याचा आकडा त्यात नाही. धोरण लिहा, कायदा पाळण्याची हमी द्या, उद्दिष्टे ठरवा, नोंदी ठेवा, सुधारणा करा, असे ते सांगते. म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्र कारभाराचे असते, नाल्यातल्या पाण्याचे नसते.

२०२१ साली सेबीने पुढचे पाऊल टाकले. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांनी पर्यावरण आणि समाजाविषयी अहवाल द्यावा, असा नियम केला. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. त्यात एक प्रश्न आहे: कच्चा माल किती टक्के शाश्वत मार्गाने घेतला? या एका प्रश्नाने कंपनीच्या धंद्याची दिशा बदलते. पूर्वी भाव आणि धाग्याची लांबी पाहणारा खरेदीदार आता नोंदवही असलेला कापूस शोधू लागतो.

याला आमचा विरोध नाही. पण ती नोंद लिहायची कोणी? किती फवारण्या केल्या, कोणते औषध वापरले, खत किती टाकले, हे आपणच लिहायचे. पावसावर पऱ्हाटी आपण पिकवतो, तुरीचे तास आपण सोडतो, ज्वारीची फेरपालट आपण करतो. अहवालात टक्का मात्र कंपनीचा वाढतो. काट्यावर त्या वहीचा एक पैसाही मिळणार नसेल, तर हे आयत्या बिळावर नागोबा झाले.

आणखी एक गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचा जीव ज्या मोजमापात बसत नाही, ते पर्यावरणाचे मोजमाप अपुरे आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. नोंदीचा खर्च खरेदीदाराने द्यावा आणि तो काटापावतीवर वेगळा लिहावा. वही मराठीत असावी आणि तिची प्रत शेतकऱ्याच्या घरी राहावी. फवारणीची साधने आणि औषधोपचार यांचा हिशेब त्याच अहवालात यावा.

ब्यूरो नवे मानक करताना मसुदा हरकतींसाठी खुला ठेवते. गिरण्यांची माणसे तिथे लिहितात, आपण लिहीत नाही. या बैठकीत प्रत्येक तालुक्याने दोन माणसे नेमावीत. त्यांनी कापसाचा प्रत्येक मसुदा वाचावा, गावात समजावून सांगावा आणि हरकती मुदतीत पाठवाव्यात. मोर्चा नेहमी रस्त्यावरच निघतो असे नाही. कधी तो टपालातूनही न्यावा लागतो.