कॉम्प्युटर हँग होतो? भंगारात काढण्याआधी हे पाहा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एकच तक्रार फार आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन कॉम्प्युटर घेतला, कुणी हप्त्याने, कुणी जुन्या बाजारातून. दोन-तीन वर्षे बरा चालला. आता बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे तर पान उघडेपर्यंत वेळ संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. शेवटी पोरगी सायबर कॅफेत जाते आणि अर्जामागे पैसे मोजून येते. दुकानात दाखवले की उत्तर ठरलेले, "हा भंगार झाला, नवीन घ्या."

नवीन घ्यायचा म्हणजे ठेकेदारीवर राबणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार गेला, कधी त्याहून जास्त. म्हणून माझे सांगणे आहे की दुकानदाराच्या तोंडून निकाल ऐकण्याआधी चौकशी आपण करावी. मी इंजिनिअर नव्हे, कारकून माणूस. पण कचेरीत जुन्याच यंत्रांवर इतकी वर्षे काढली आणि आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतले चार जुने कॉम्प्युटर आम्ही कार्यकर्तेच चालते ठेवतो.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर मंद आहे की इंटरनेट? इंटरनेट बंद करून एखादी फाईल उघडून पाहा. ती झटकन उघडली तर यंत्राला दोष देऊ नका. तीही रखडली तर पुढे वाचा.

कॉम्प्युटर चालू करून दहा मिनिटे थांबा, काही उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स'वर टिचकी मारा. वरच्या ओळीत सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यासमोर टक्के दिसतात. रोग कुठे आहे ते हीच ओळ सांगते.

जुन्या यंत्रात बहुतेक वेळा डिस्कचा आकडा १००ला चिकटलेला सापडतो. हार्ड डिस्कच्या पोटात एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा तिच्यावर मागे-पुढे होत माहिती शोधतो. आमच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूमचे उदाहरण घ्या. एकच शिपाई, शंभर कपाटे, आणि साहेब एकाच वेळी दोनशे फायली मागतो. शिपाई कितीही धावला तरी साहेब ओरडणारच. विंडोज १० आणि ११ यांची मागणी अशीच असते, क्षणाला शेकडो बारीकसारीक तुकडे. त्या काळातली हार्ड डिस्क त्यात दमते. मधला सगळा कॉम्प्युटर ठणठणीत असतो, नुसता फाईलची वाट बघत बसतो.

यावर उपाय एसएसडी. हिच्यात फिरणारा भागच नाही. जो तुकडा शोधायला हार्ड डिस्कला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो, तो हिला त्याच्याही शंभराव्या भागात मिळतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक कॉम्प्युटर-लॅपटॉपमध्ये 'साटा' प्रकारची अडीच इंची एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. २४० किंवा २५६ जीबीची घरच्या कामाला पुरते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कच्या नावाखाली एसएसडी लिहिलेलेच असेल, तर मात्र हा खर्च करू नका. आमच्या अभ्यासिकेत ही डिस्क बदलली ती बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने. वायर काढून ठेवली, स्क्रू उघडले, अर्ध्या तासात काम झाले. हे पोरींचे काम नव्हे म्हणणारे काका शेजारीच उभे होते, आता तेच तिला घरी बोलावतात! एक मात्र पाळा. डिस्कला हात लावण्याआधी जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो यांची प्रत पेनड्राईव्हवर काढून ठेवा.

काही न उघडताही मेमरी ८०-९० टक्के भरलेली असेल तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबीवर विंडोज आणि ब्राउझर दोघांचा संसार होत नाही, ८ हवी. डीडीआर-३च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही आणि लॅपटॉपची पट्टी आखूड असते, म्हणून जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, तेव्हा वापरलेली पट्टीही चालेल. पैसे देण्याआधी लावून, चालवून बघा.

पैसे न लागणारे इलाज आधी करा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर, चालू होताच आपोआप उठणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरी पुरतो. सी ड्राईव्ह काठोकाठ भरू देऊ नका. आठवड्यातून एकदा 'शट डाऊन'ऐवजी 'रिस्टार्ट' करा, कारण नव्या विंडोजमध्ये शट डाऊनने आतले सगळे पुसले जातेच असे नाही. पंखा घोंघावत असेल तर धूळ झाडा, तापलेला प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो. आणि 'एका क्लिकमध्ये स्पीड दुप्पट' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर! ती अजिबात घेऊ नका. ती स्वतःच ओझे होऊन बसतात, कित्येकदा व्हायरसही आणतात.

आता विंडोज १० विषयी. तिला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक यंत्रे विंडोज ११च्या यादीत नाहीत. म्हणजे धडधाकट यंत्र कागदोपत्री सेवानिवृत्त! अशा यंत्रावर लिनक्स मिंट घालता येते. ती फुकट आहे, ४ जीबीवरही बरी चालते, मराठी टायपिंग होते, पत्रे आणि हिशेबासाठी लिबर ऑफिस सोबतच येते. पेनड्राईव्हवरून आधी चालवून पाहता येते, तेव्हा थोडी मंद वाटेल. मात्र घरात कुणी टॅली शिकत असेल तर विंडोज ठेवणे भाग आहे.

सगळीच यंत्रे वाचवण्यासारखी नसतात. २ जीबीच्या वर रॅम चढत नसेल, किंवा दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर त्यात पैसा घालू नये.

काढलेली जुनी हार्ड डिस्क मात्र तशीच भंगारवाल्याला देऊ नका. फाईल नुसती डिलीट केली म्हणून पुसली जात नाही. आधार कार्ड, पासबुक, दाखले त्यातून परत काढता येतात. डिस्क चांगली असेल तर यूएसबीची डबी घेऊन तिच्यात बसवा, फोटो ठेवायला होते. खराब असेल तर गोणपाटात गुंडाळून हातोडीने आतली तबकडी फोडा आणि मगच वजनावर घाला.