एका सामन्याची कारकीर्द

मेलबर्नच्या आपल्या मंडळात मुलांच्या खेळाचा विषय निघाला की "पण पुढे काय?" हा प्रश्न ठरलेला. इथल्या 'फुटी'त, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये नाव लागतं, पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो आणि तो संपला की कितीतरी पोरांना क्लब सोडून देतात. विशी-बाविशीतच 'माजी खेळाडू'. अशा मुलाबद्दल आपण हळहळतो, वर्षं वाया गेली म्हणतो. मला हे साफ नामंजूर आहे. माझा दाखला विदर्भातला आहे.

फैज फजल भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला. तारीख 15 जून 2016, मैदान हरारेचं. झिम्बाब्वेचा डाव 123 धावांत आटोपला, के. एल. राहुल आणि फैज सलामीला उतरले आणि बाविसाव्या षटकात सामना जिंकूनच परतले. फैज नाबाद 55. वय तीस. तो कधी बादच झाला नाही, म्हणून आकडेवारीत त्याच्या सरासरीच्या रकान्यात नुसती रेघ असते. त्या दौऱ्यावर रोहित, कोहली, धवन, रहाणे यांना विश्रांती होती. ते परतले आणि फैजला पुन्हा बोलावणं आलं नाही. यात त्याच्या बॅटचा काय दोष?

फैज ज्या विदर्भातून आला तिथलेच आम्ही. हिंगणघाटचे पोट्टे, काथ्याची मॅट खिळे ठोकून ताणायचो आणि तिच्यावर खेळायचो. निवड चाचणीला जायचं तर पहाटेची एसटी धरून नागपूर, पंचाहत्तर किलोमीटर. एवढं करून ज्या संघात शिरायचं तो विदर्भ रणजीत दुबळा गणला जायचा. फैजनं 2003-04 मध्ये याच संघातून पदार्पणात शतक ठोकलं. 2017-18 मध्ये कर्णधार म्हणून नऊशेवर धावा केल्या आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. गोलंदाज गुरबानीची हॅटट्रिक, वासिम जाफरचा अनुभव, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त, सगळं खरं. पण साठ वर्षांची वाट संपवणाऱ्या संघाचा कर्णधार फैज होता. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्यात सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा आमच्याकडे. त्यापाठोपाठ इराणी करंडक जिंकल्यावर बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना द्यायचं या संघानं ठरवलं.

विदर्भाच्याच प्रशांत वैद्यचंही तेच. भारताकडून चारच एकदिवसीय सामने, आणि नंतर विदर्भ क्रिकेट असोसिएशनमध्ये नवी पोरं घडवण्याचं काम.

खेळानं घर चालत नाही, हा आईवडिलांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. अभ्यास सोडून खेळा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण ज्या मुलानं थंडीत पहाटे उठून सराव केला, दुखापती सोसल्या, निवड झाली नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदान गाठलं, त्याला आपण कीव दाखवतो आणि बारावीच्या व्हीसीईत चांगले गुण मिळवणाऱ्याला शाल देतो. हा अन्याय आहे, आणि तो आपणच करतो.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे: येत्या गणेशोत्सवातल्या गुणगौरवात खेळाडूंसाठी जागा ठेवा, आणि करार संपून घरी आलेल्या मुलामुलींना सगळ्यांत आधी व्यासपीठावर बोलवा. स्थानिक क्लबांत लहान मुलांना शिकवायला माणसं हवीच असतात. तिथं त्यांच्यातलं कोण जायला तयार आहे, हे या मुलामुलींना त्याच दिवशी विचारू.