बाटलीवरचं ‘नॅनो’ वाचलं, आकडा वाचला का?

वारूळवाडी, नारायणगाव, ओतूर, मंचर... गाव कुठलंही असो. घरी टोमॅटो, कांदा किंवा ऊस असेल, तर कृषी सेवा केंद्रातली ती अर्ध्या लिटरची बाटली तुम्ही पाहिलीच असेल. नॅनो युरिया. घरातलं शिकलेलं माणूस म्हणून ती तुमच्या हातात दिली जाते आणि प्रश्न येतो, ‘सायन्सला आहेस ना? मग सांग, घ्यायची का?’ आपलं उत्तर ठरलेलं असतं, ‘नॅनो आहे म्हणजे चांगलंच असणार.’

मित्रांनो, आज बोलायचंय ते याच उत्तराबद्दल. परीक्षेत चुकलो तर दोन मार्क जातात, शेतात चुकलो तर हंगाम जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नॅनो तंत्रज्ञान ही थाप नाही. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे गुणच बदलतात. पिवळंधमक सोनं नॅनोकण होऊन पाण्यात तरंगलं की लालसर दिसतं. २०२३ चा रसायनशास्त्राचा नोबेल ज्या क्वांटम डॉट्ससाठी मिळाला, त्यांचा रंग तर कणाच्या आकारावर ठरतो. आणि हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले, तेही गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून. हो, परसातला तोच गवती चहा! हा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आला. कृती, कणांचे फोटो, मोजमापं सगळं त्यात मांडलेलं होतं, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः करून बघावं. विज्ञान असं चालतं.

आता बाटलीकडे येऊ. इफ्कोने नॅनो युरिया २०२१ मध्ये आणला. दावा असा की ५०० मिलीची एक बाटली ४५ किलोच्या एका गोणीचं काम करेल. इथे सातवीचं गणित पुरे. गोणीतल्या युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २० किलो ७०० ग्रॅम. सुरुवातीच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. फरक हजारपटीचा! २०२४ मधल्या ‘प्लस’ प्रकारात २० टक्के नत्र आहे. तरीही ते १०० ग्रॅमच भरतं.

कंपनीचं म्हणणं, जमिनीत टाकलेला युरिया बराचसा वाया जातो आणि फवारलेले बारीक कण थेट पानात शिरतात. यातला पहिला भाग खरा आहे. काही नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतं, काही अमोनिया होऊन उडून जातं. पण अर्धं वाया गेलं असं धरलं तरी गोणीतलं दहा किलो उरतं. उलट बाटलीतलं सगळंच्या सगळं पानात गेलं, तरी वीस ग्रॅमचे एकवीस होत नाहीत. शिवाय साधा युरिया पाण्यात विरघळला की त्याचे रेणू सुटे होतात आणि युरियाचा रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. मग बाटलीतल्या कणांनी जास्तीचं नेमकं काय केलं, हे विचारायला नको?

इफ्को ११ हजार शेतकऱ्यांकडच्या चाचण्यांचा आणि सरासरी ८ टक्के उत्पादनवाढीचा हवाला देते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात मात्र, नेहमीच्या शिफारशीच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हस्टेड यांनी २०२३ मध्ये ‘प्लांट अँड सॉइल’ या नियतकालिकात या दाव्यांच्या शास्त्रीय आधारावरच प्रश्नचिन्ह लावलं. युरिया कमी व्हायला हवा, यात वाद नाही. विहिरींच्या पाण्यात उतरणारं नायट्रेट कुणालाच नकोय. पण गरज खरी आहे म्हणून तिच्यावरचा प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. त्यात ‘गोणी हवी तर बाटली घ्यावीच लागेल’ अशा लिंकिंगच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आहेत. चांगला माल असा गळ्यात मारावा लागतो का?

गहू-भाताचे आकडे आपल्या टोमॅटोला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हेही मान्य. मग आपणच बघू की! यंदा प्रोजेक्टसाठी नेटवरून पीपीटी उतरवण्यापेक्षा घरच्या शेतात सारखे नऊ वाफे घ्या. कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तीन वाफ्यांना पूर्ण युरिया. तीन वाफ्यांना अर्धा युरिया आणि बाटलीची फवारणी. उरलेल्या तिघांना अर्धा युरिया आणि नुसत्या पाण्याची फवारणी. हे शेवटचे तीन वाफे विसरू नका. तिथेही पीक तेवढंच आलं, तर श्रेय बाटलीचं नाही; आपण आधीच युरिया जास्त टाकत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

सुरू करण्याआधी आराखडा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्या. प्रत्येक तोड्याचं वजन वहीत लिहा, खराब आलेलंही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटीत प्रदर्शन भरतं, तिथे ही वही घेऊन जा. निकाल बाटलीच्या बाजूने लागला तर तसं सांगा, विरुद्ध लागला तर तसं सांगा. दोन्ही वेळा तुमच्या घरच्यांना दुकानदाराच्या शब्दापेक्षा भक्कम काहीतरी मिळेल.