पट वाढवू नका, गळती थांबवा



आज जरा भांडायचे आहे. भांडण परक्यांशी नाही. ज्यांच्याबरोबर मी २००८ पासून, म्हणजे निवृत्त झालो त्या वर्षापासून, रात्री जेवणे झाल्यावर संगणकावर बुद्धिबळ खेळत आलो त्यांच्याशी आहे. त्यांच्यात मीही आलोच. तेव्हा चार रट्टे माझ्याही पाठीवर आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या मंडळींत सध्या एकच विषय चालतो. पूर्वीसारखी गर्दी राहिली नाही, डाव मिळायला वेळ लागतो, जुने लोक एकेक करून दिसेनासे झाले, आता काहीतरी केले पाहिजे. 'काहीतरी' म्हणजे काय, यावर प्रत्येकाची सूचना तयार आहे. कुणी म्हणतो मोठी स्पर्धा भरवा, बक्षिसे ठेवा. कुणी म्हणतो इतर ठिकाणी जाऊन जाहिरात करा. कुणी म्हणतो सगळे जुनाट दिसते, रंगरूप बदला. आणि काही करायचेच नसेल तर शेवटचे वाक्य ठरलेले: आजकालच्या मुलांना बसून विचार करायला नको.

मला यातले काहीही पटत नाही. का, ते सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९९२ साली अमेरिकेत काही हौशी संगणकवाल्यांनी इंटरनेट चेस सर्व्हर सुरू केला. जगात कुठेही बसलेल्या माणसाने कुठेही बसलेल्या माणसाशी डाव मांडावा, पैसे नाहीत. १९९५ मध्ये डॅनियल स्लेटर यांनी त्याचा इंटरनेट चेस क्लब केला आणि वर्गणी लावली. बरेच जण रागावले. त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. तोच फ्री इंटरनेट चेस सर्व्हर, म्हणजे आमचा 'फिक्स'. स्वयंसेवकांनी चालवलेला, फुकट. मुळात तिथे चित्रेसुद्धा नव्हती, सगळा कारभार टाइप केलेल्या हुकमांचा. पुढे विनबोर्ड, बाबासचेस असे प्रोग्राम आले आणि पडद्यावर नीट पट दिसू लागला. माझ्या चिरंजीवांनी अमेरिकेतून सुट्टीवर आले असताना मला बाबासचेस बसवून दिले, आणि "बाबा, आता आईला त्रास देऊ नका" असे सांगून ते परत गेले.

पहिल्या रात्री मी पाहुणा म्हणून आत शिरलो. तिथे नाव न नोंदवता येणाऱ्याला 'गेस्ट' आणि पुढे कुठलीतरी चार अक्षरे असे नाव मिळते. मी गोंधळून गेलो होतो. घड्याळ चालू आहे हेही कळले नव्हते. एका डच गृहस्थाने माझ्याशी डाव घेतला, मला हरवले आणि मग निघून न जाता अर्धा तास थांबून कुठे चुकलो ते सांगितले. माझे इंग्रजी मराठी माध्यमातून बीए झालेल्या माणसाचे, त्यांचेही फार बरे नव्हते. पण घोडा कुठे ठेवायला हवा होता हे सांगायला कितीसे इंग्रजी लागते? निघताना त्यांनी विचारले, "उद्या याच वेळी?" त्या प्रश्नामुळे मी दुसऱ्या दिवशी गेलो. पुढे बारा वर्षे आम्ही खेळलो. त्यांचे खरे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. एक दिवस ते यायचे थांबले, एवढेच.

आता मागच्या दिवाळीची गोष्ट. नातू घरी आला होता, वय वर्षे अकरा. शाळेच्या संघात खेळतो. मी त्याला मोठ्या उत्साहाने म्हटले, वरच्या खोलीत लॅपटॉपवर तू पाहुणा म्हणून ये, मी खाली बसतो, आपण दोघे खेळू. मी माझे टोपणनाव सांगितले. तो वर गेला. दहा मिनिटे झाली तरी त्याचे आव्हान येईना. शेवटी तोच खाली आला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हीच मला नको म्हणताय."

वर जाऊन पाहिले. पडद्यावर ओळ होती, तिचा अर्थ एवढाच की तुमची विनंती या खेळाडूच्या फॉर्म्युल्यात बसत नाही. हा फॉर्म्युला म्हणजे आपण स्वतः लावून ठेवलेली चाळणी. कोणाची आव्हाने आपल्यापर्यंत येऊ द्यायची, मानांकन किती हवे, नोंदणी केलेली हवी की नको, हे एकदा लिहून ठेवले की नको असलेला माणूस दारातूनच परत जातो. आपल्याला कळतसुद्धा नाही. मी ती कधी लावली होती? पाच-सहा वर्षांपूर्वी, एका पाहुण्याने हरताना डाव अर्धवट टाकला म्हणून चिडून. नंतर विसरून गेलो. त्या काळात किती जण माझ्या दारातून परत गेले असतील, देव जाणे. त्यांतला एकच मला दिसला, कारण तो माझा नातू निघाला.

माझ्याकडून नकार आल्यावर त्याने आणखी चौघांना विचारले होते. दोघांकडून तीच ओळ, एकाचे उत्तर नाही, आणि चौथ्याने लिहिले होते की आधी नाव नोंदव. पोराने लॅपटॉप मिटला नाही. त्याने लीचेस उघडले आणि काही सेकंदांत कुणाशी तरी खेळायला लागला. जेवायला हाका मारून दमलो.

तेव्हा मुलांना बसून विचार करायला नको, हे कृपया मला कुणी सांगू नका. २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. २०२० मध्ये टाळेबंदी होती, 'क्वीन्स गॅम्बिट' मालिका आली, आणि जगभर बुद्धिबळाला पूर आला. मुले खेळताहेत, आपल्याकडे खेळत नाहीत एवढेच. दोष पावसाला देऊन काय उपयोग? आपणच घागर पालथी ठेवली आहे.

मी उभा जन्म शाळेत काढला, म्हणून मला हे शाळेच्या भाषेतच कळते. आमच्याकडे जूनमध्ये पटनोंदणी चालायची. प्रभातफेरी, घोषणा, दारोदार फिरणे. पट भरला की मुख्याध्यापक खूष, साहेब खूष. दिवाळीनंतर वर्गात निम्मी बाके रिकामी, पण हजेरीपटावर नावे शाबूत. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा लाखो मुले केवळ कागदावर असल्याचे निघाले, ते आठवत असेल. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही मास्तराला कळते. स्पर्धा, बक्षिसे, जाहिरात ही सगळी पटनोंदणी आहे. गळती का होते हे कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर आपल्या बाकापर्यंत येते.

पाचवीतला एक मुलगा असाच यायचा बंद झाला होता. मी गृहीत धरले, घरची गरिबी, शेतावर लावला असेल. आठवड्याने घरी गेलो. गरिबी होतीच, पण बाप म्हणाला, "गुरुजी, त्याला बाकावर कुणी शेजारी बसू देत नाही." वर्ग माझा, बाक माझ्या डोळ्यांसमोरचे, आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला त्याच्या शेजारी बसवले. दहावीपर्यंत तो शाळेत राहिला.

आता कुणी विचारील, आणि नातवाने विचारलेच, की लीचेस असताना तुमचे ते जुने दुकान हवेच कशाला? प्रश्न रास्त आहे. लीचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच माणसाने सुरू केले. तेही फुकट, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालते. १९९५ मध्ये आमची मंडळी ज्या कारणासाठी भांडून बाहेर पडली ते कारण दुसऱ्या कुणीतरी जास्त चांगले सांभाळले. त्याचा आनंद मानावा. 'फुकट' हे आता आपले वैशिष्ट्य राहिलेले नाही, हे कबूल करावे.

मग आपल्याकडे उरले काय? मला विचाराल तर त्या डच गृहस्थांचा अर्धा तास. मोठ्या ठिकाणी डाव संपला की पुढचा डाव, पुढचा माणूस. लाखो लोकांत तोच माणूस उद्या भेटेलच असे नाही. लहान ठिकाणी भेटतो. दुसऱ्यांचा डाव बघत बसता येते, मधे हळूच बोलता येते, हरल्यावर कुणी सांगणारा असतो. लहान असणे ही आपली अडचण नव्हे, तीच आपली एकमेव चीज आहे. पण ती आपण आपापसांतच वाटून घेतो. नवख्याच्या वाट्याला चाळणी. असेच चालणार असेल तर माझे स्पष्ट मत आहे की दिवा मालवून सन्मानाने घरी जावे. उगाच 'पुनरुज्जीवन' असे शब्द वापरू नयेत.

चालू ठेवायचे असेल तर मात्र तीन गोष्टी कराव्या लागतील. तिन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली, चाळणी काढा. पाहुण्याबरोबरच्या डावात मानांकन धरलेच जात नाही, तेव्हा आपला एकही गुण जात नाही. मग भीती कसली? एखादा डाव अर्धवट टाकील, एखादा वेडेवाकडे बोलेल. वर्गातही बोलतात. त्या एकासाठी सगळ्यांना बाहेर काढत नाहीत.

दुसरी, वेळ ठरवा. माणसे कमी असली की डाव मिळायला उशीर लागतो, उशीर लागतो म्हणून माणसे जातात, गेली की आणखी उशीर. हे चक्र तोडायचा उपाय आपल्या खेड्यांना केव्हापासून माहीत आहे. लहान गावात रोज बाजार भरत नाही. सोमवारचा असेल तर सोमवारी भरतो, आणि त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गाव मेले असे कुणी म्हणत नाही. आमच्याकडेही टीमलीग नावाची सांघिक स्पर्धा वर्षानुवर्षे चालली. प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटे, वर दर खेळीला पंचेचाळीस सेकंद, म्हणजे चांगले दोन-तीन तासांचे डाव. एवढा वेळ कोण देतो? पण दिवस आणि वेळ दोघांनी आधी ठरवलेली असायची, म्हणून लोक यायचे. चोवीस तास उघडे आणि चोवीस तास रिकामे ठेवण्यापेक्षा एक तास गजबजलेला बरा.

तिसरी, डाव संपल्यावर पाच मिनिटे थांबा आणि विचारा, "उद्या याच वेळी?" किती जणांनी नावे नोंदवली ते मोजू नका. दुसऱ्यांदा किती आले ते मोजा.

मी दिवाळीनंतर चाळणी काढली. रोज रात्री नऊ ते दहा बसतो. आपल्या नऊला युरोपात दुपार उतरलेली असते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ संपत आलेली असते, त्यामुळे तिन्हीकडचे भेटतात. काही पाहुणे एक डाव खेळून गायब झाले. एकाने मला चार खेळ्यांत मात दिली आणि हसून निघून गेला. चूक माझीच होती, वजिराकडे लक्ष नव्हते. दोघे मात्र परत आले. त्यांतला एक आता रोज येतो. त्याला घोड्याची चाल नीट जमते, हत्तीचे शेवटचे डाव अजिबात जमत नाहीत. शिकवतो आहे. दोन म्हणजे काही गर्दी नव्हे, मला कळते. पण माझ्या एकट्याच्या दारातून दोन आले. आमच्यातल्या दहा जणांनी दारे उघडली तर हिशेब तुम्हीच करा.

असो. फार बोललो. सौ. म्हणते, निवृत्त झालात पण तास संपल्याची घंटा तुम्हाला अजून ऐकू येत नाही. पुण्याच्या आणि नाशिकच्या मंडळींनो, तुमच्यापैकी ज्यांना सोंगट्या हलवता येतात त्यांनी एखाद्या रात्री पाहुणे म्हणून या. हरलात तरी चहा देऊ शकत नाही, पण पाच मिनिटे थांबेन.

आणि नातवाला निरोप: फॉर्म्युला काढला आहे. रविवारी नऊ वाजता वाट बघतो.