अध्यापकांची खुर्ची कोणाच्या मर्जीवर?

जून २०१९ मध्ये इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाची सामायिक प्रवेश परीक्षा संगणकावर घेण्यात आली आणि ती पार फसली. यंत्रणा चालली नाही, वेळापत्रक कोलमडले, मुले व पालक परीक्षाकेंद्रांवर ताटकळत राहिले. लोक संतापले यात नवल नव्हते. मध्य प्रदेश शासनाने लागलीच १९७३ च्या विश्वविद्यालय अधिनियमातील कलम ५२ उपयोगात आणले आणि कुलगुरूंना पदावरून दूर केले. जुलैमध्ये नव्या कुलगुरूंची नेमणूक झाली आणि लोकांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. आमच्या मते खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कलम ५२ म्हणजे केवळ कुलगुरूंची उचलबांगडी नव्हे. विद्यापीठाचे हित धोक्यात आल्याखेरीज त्याचा कारभार चालू शकत नाही अशी शासनाची खात्री झाली, की शासनाने एक अधिसूचना काढावयाची. ती निघताक्षणी कुलगुरूंबरोबर सभा, कार्यपरिषद आणि विद्यापरिषद या तिन्ही मंडळांच्या सदस्यांचे सदस्यत्व संपुष्टात येते. ही मंडळे नव्याने घडेपर्यंत त्यांचे अधिकार नवनियुक्त कुलगुरूंच्या एकट्याच्या हाती जातात. त्यांच्या मदतीला शासनास वाटल्यास तिघांची समिती नेमता येते: एक शिक्षणतज्ज्ञ, एक प्रशासनतज्ज्ञ आणि एक अर्थतज्ज्ञ. विद्यापीठातील अध्यापकांनी निवडून दिलेला कोणी तीत असावा, असे कायदा म्हणत नाही. परीक्षेच्या दिवशी यंत्र बंद पडले म्हणून अभ्यासक्रम ठरविणारी विद्यापरिषदच बरखास्तीच्या कक्षेत यावी, याला आपल्याकडे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात.

इंदूर हे आम्हांस परके गाव नाही. होळकरांच्या या नगरीत मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या नांदत आला आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने तेथे भरली. होळकर महाविद्यालय १८९१ चे. विद्यापीठ मात्र स्वातंत्र्योत्तर काळातले, १९६४ साली स्थापन झालेले. त्याला अहिल्याबाईंचे नाव १९८८ मध्ये मिळाले. ज्या राज्यकर्तीचा लौकिक फिर्यादी माणसाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी आहे, तिच्या नावाच्या विद्यापीठात अध्यापकांचे म्हणणे कोठे आणि कोणत्या अधिकाराने ऐकले जाते, हे पाहणे म्हणूनच उचित ठरेल.

आपल्या देशात अध्यापकाला विद्यापीठाच्या कारभारात जे स्थान आहे ते कायद्याने दिलेले आहे, कराराने नव्हे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर महाविद्यालयीन अध्यापकांतून १० आणि विद्यापीठीय अध्यापकांतून ३ प्रतिनिधी निवडून देण्याची तरतूद आहे. मध्य प्रदेशात निवडणुकीपेक्षा पदसिद्ध आणि नामनियुक्त सदस्यांवर भर अधिक. तपशील राज्याराज्यांतून बदलतो, मूळ गोष्ट बदलत नाही. विधिमंडळाने दिलेले विधिमंडळ काढून घेऊ शकते आणि इंदूरच्या बाबतीत तर विधिमंडळाचीही गरज पडत नाही, सचिवालयातून निघालेला एक कागद पुरतो. अध्यापक ज्या खुर्चीवर बसतो ती त्याची नसते. त्याला ती बसावयास दिलेली असते.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत गोष्ट वेगळी आहे. तेथे अध्यापकांची संघटना आणि विद्यापीठ यांच्यात लेखी करार होतो. त्यात वेतनाबरोबरच नेमणुका, बढत्या, अभ्यासक्रम यांबाबत अध्यापकांच्या मंडळाचे मत केव्हा आणि कसे घ्यावयाचे याचीही कलमे असतात. विद्यापीठाने ती मोडली तर संघटना लवादाकडे दाद मागू शकते. अर्थात तेथेही सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. १९८० साली न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी असा निर्णय दिला, की ज्या खासगी विद्यापीठात अध्यापक कारभारात एवढा वाटा उचलतात तेथे ते व्यवस्थापकच ठरतात, आणि व्यवस्थापकांना कामगार कायद्याखाली सामुदायिक वाटाघाटींचा हक्क नाही. कारभारात भाग घेतो म्हणून तो कामगार नव्हे, असा तो तर्क.

आता आपल्याकडील तर्क पाहा. १९८८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक दावा आला होता. तो चक्क गोव्यातला होता. एका खासगी शाळेने सेवेतून कमी केलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याचा आधार मागितला होता. न्यायालयाने शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरतो हे मान्य केले, परंतु शिक्षक हा कामगार नव्हे असा निर्णय दिला. विद्यादान हे उदात्त कार्य आहे. ते अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नव्हे, अशी त्यामागची विचारसरणी. शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने नमूद केले. पण व्यवहारात निष्पन्न काय झाले? अमेरिकेतील अध्यापक व्यवस्थापक ठरला म्हणून कामगार राहिला नाही. आपला अध्यापक उदात्त ठरला म्हणून कामगार राहिला नाही आणि व्यवस्थापक तर तो कधी नव्हताच. त्याच्या वाट्याला आदर आला, अधिकार आला नाही. शिक्षकदिनी हार घालून घेण्यापुरता हा आदर उपयोगी पडतो.

याचा परिणाम दूरगामी आहे. कामगार संघटनेने मालकाशी रीतसर तडजोड केली की ती दोघांवर बंधनकारक असते. अध्यापकांच्या संघटनेने शासनाशी केलेला करार मात्र पुष्कळदा शासनाच्या शब्दावर उभा असतो. शब्द पाळला तर ठीक, न पाळला तर पुन्हा मोर्चा, पुन्हा बहिष्कार. १९८७ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या प्राध्यापकांनी संप केला आणि अखेर केंद्र सरकारशी समझोता झाला. त्याचा गाभा वेतनश्रेणी आणि बढत्या हा होता. २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. विद्यार्थ्यांचे जे हाल झाले ते आम्ही त्या वेळी शेजारून पाहिले आहेत. त्या लढ्याच्या केंद्रस्थानी थकबाकी होती आणि नेट-सेट नसलेल्या अध्यापकांची सेवा होती. मागण्या न्याय्य असतील, नव्हे, त्यांतील काही नि:संशय न्याय्य होत्या. परंतु अभ्यासक्रम कोणी ठरवावा, परीक्षेची पद्धत कोणी बदलावी, कुलगुरूंच्या एखाद्या निर्णयावर विद्यापरिषदेने नकार दिला तर त्या नकाराची किंमत काय, यासाठी आपल्या अध्यापक संघटनांनी महिना-दोन महिने ताणून धरल्याचे आम्हांस आठवत नाही. पगाराची पावती ज्या काटेकोरपणे तपासली जाते त्याच्या चौथाईने तरी विद्यापरिषदेचे इतिवृत्त तपासले गेले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. हे आम्ही अध्यापकांचे हितचिंतक म्हणूनच लिहीत आहोत.

याउलट इंदूरच्या त्या परीक्षेचाच विचार करावा. एका दिवशी किती मुले संगणकासमोर बसवावीत, यंत्रणा तेवढा भार पेलेल काय, ती कोलमडली तर कागदावरची परीक्षा हाताशी आहे काय, हे प्रश्न वर्गात उभा राहणारा आणि परीक्षागृहात पर्यवेक्षण करणारा माणूस सहज विचारतो. असा प्रश्न मोकळेपणाने विचारता येईल आणि त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज काम पुढे सरकणार नाही, अशी जागा विद्यापीठात असावी लागते. अध्यापकाचा कारभारातील सहभाग म्हणजे एवढेच, आणि एवढे पुष्कळ आहे. अपघातानंतर चालकाला उतरविणे हा त्यावरील उपाय होईलही, पण गाडी निघण्यापूर्वी चाके तपासणारालाही त्याच्याबरोबर उतरविले तर पुढच्या प्रवासाची हमी कोण देणार?

आमच्या वाचकांना जवळचे उदाहरण द्यावयाचे तर देवस्थानांचे देता येईल. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या महाजनी नियमावलीनुसार चालतो. समितीत तंटा झाला, हिशेबात घोळ निघाला, म्हणजे मामलेदार प्रशासक या नात्याने मध्ये पडतो, प्रसंगी कारभारही हाती घेतला जातो. परंतु तेवढ्याने कोणा महाजनाचे महाजनपण जात नाही आणि पूजा-पालखीचे विधी मामलेदार ठरवू लागत नाही. कुलुपाची किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी गाभाऱ्यातले काम ज्याचे त्याच्याकडेच राहते. (महाजनकी जन्माने मिळते आणि प्राध्यापकी मिळवावी लागते, म्हणून हा दाखला सर्वांगांनी लागू पडत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. अलीकडे काही ठिकाणी प्राध्यापकीही वशिल्याने मिळते असे ऐकू येते, तो भाग निराळा.) विद्यापीठाच्या खजिन्यात वा परीक्षा विभागात गैरकारभार झाला तर शासनाने तेथे हात घालावा. करदात्यांचा पैसा आहे, त्याला हक्क आहे. पण विद्यापरिषद हा गाभारा आहे.

अध्यापकांच्या हाती कारभार दिला की गटबाजी माजते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. अध्यापकांच्या निवडणुकांत जातीपातींची गणिते मांडली जातात, अभ्यासमंडळांवर पुस्तके लावून घेण्यासाठी धडपड चालते, हे कोण नाकारील? परंतु गटबाजी आहे म्हणून विधानसभा कोणी कायमची बंद करीत नाही. शिवाय नामनियुक्तीने गटबाजी जाते हा भ्रम आहे. ती वर्गाबाहेर जाते आणि मंत्र्यांच्या दिवाणखान्यात बसते, एवढाच फरक. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी केलेल्या शिफारशीत तर विद्याविषयक मंडळांवर बहुसंख्य प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क अध्यापकांना असावा असे म्हटले आहे. बहुमताचे राहो, बरखास्तीपासून संरक्षण तरी असावे.

आणखी एक गोष्ट. आज अध्यापक म्हणजे कोण? मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत ‘अतिथी विद्वान’ नावाचा वर्ग वर्षानुवर्षे शिकवीत आहे. २०१९ च्या डिसेंबरात याच अतिथींनी भोपाळच्या शाहजहानी उद्यानात थंडीत ठाण मांडले होते. अतिथी म्हणावयाचे आणि अंगणात बसवावयाचे, असा हा पाहुणचार. आमच्या गोव्यातही तासिका तत्त्वावर आणि कंत्राटावर शिकविणारे काही थोडे नाहीत. पुढल्या जूनला आपण येथे असू की नाही याची ज्याला शाश्वती नाही, तो कुलगुरूंच्या समोर ‘नाही’ कसे म्हणेल? म्हणून अध्यापकांच्या सहभागाचा करार करावयाचा तर त्यात या मंडळींच्या मताचा विचार प्रथम झाला पाहिजे. कायम अध्यापकांच्या संघटनांनी त्यांना दारातच ताटकळत ठेवले, तर शासनाला दोष देण्याचा त्यांचा अधिकार तेवढ्या प्रमाणात कमी होईल.

करार म्हणजे केवळ सह्यांचा कागद नव्हे. प्रवेश, परीक्षा, अभ्यासक्रम आणि नेमणुकांचे निकष यांत बदल करावयाचा तर विद्यापरिषदेपुढे तो आधी यावा, तिने फेटाळला तर कारणे लेखी द्यावीत, वाद उरलाच तर तो निवाड्यासाठी त्रयस्थाकडे जावा, इतके त्यात असले तरी पुरे. मात्र असा करार परिनियमात उतरला पाहिजे, नाही तर मंत्री बदलला की त्याची रद्दी होते. आमच्या गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, विद्यापीठ १९८५ च्या जूनपासूनचे. त्याच्या आधी येथील पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या केंद्रात चालत असे. चाळीस वर्षे उलटली. येथील अध्यापक संघटनांनी आणि शासनाने हा विषय संकट येण्यापूर्वी टेबलावर घेतला, तर इंदूरचा धडा फुकट गेला असे होणार नाही.

२०१९ मध्ये कलम ५२ वापरले ते काँग्रेस सरकारने. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठावर तेच कलम लावले ते भारतीय जनता पक्षाच्या सरकारने. दोहोंनाही ते सोयीचे वाटले. मधल्या काळात, २०२४ च्या जुलैमध्ये, मध्य प्रदेशाच्या विधानसभेने याच अधिनियमात एक दुरुस्ती केली. तोवर तेथे कुलगुरूंना ‘कुलपति’ म्हणत, ते आता आपल्यासारखे ‘कुलगुरु’ म्हणू लागले. मराठी माणसाला त्यात आनंदच आहे. एक शब्द बदलावयास विधानसभेला वेळ मिळाला. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मधून ‘विद्यापरिषद’ हा एक शब्द वगळावयास त्याहून अधिक वेळ लागू नये.