खुर्ची राखीव झाली, पण सभा होते का?

सिद्धेश्वर म्हटले की पूर्णा नदीवरचे धरण डोळ्यासमोर येते. धरणाचे पाणी कधी सोडायचे हे गावाच्या हातात नाही. पण वस्तीतली नाली, खांबावरचा दिवा आणि घरकुलाच्या यादीतले नाव, हे गावातच ठरते. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावाला जे लागू, तेच महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला लागू आहे.

१९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्व यांचा आग्रह धरला. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींतील राखीव जागांना संविधानाचा आधार मिळाला. आज आपले सरपंच, आपले सदस्य निवडून येतात. तरीही वस्ती तशीच का राहते? कारण अधिकार खुर्चीत नसतो. तो सभेत मंजूर होऊन प्रोसिडिंग बुकात लिहिलेल्या ठरावात असतो.

कायदा स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीची मासिक सभा दर महिन्याला झाली पाहिजे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्या आधी महिलांची सभा बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा मात्र ही अटच राहत नाही. म्हणजे आपण पहिल्या सभेला गेलो नाही, तर दुसऱ्या सभेत मोजके लोक गावाचा निर्णय घेऊ शकतात.

याच सभांत पैशाचा हिशोब होतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायला हवेत. रमाई आवास योजनेची नावेही ग्रामसभेतून पुढे जातात.

काम करताना एका गावात मी पाहिले, सभेचे रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरत होते. सही करणाऱ्यांत आपलीही माणसे होती. वाचल्याशिवाय केलेल्या त्या सहीने न झालेली सभा झाली!

जयंतीची मिरवणूक आपण शिस्तीत काढतो. वर्गणीचा हिशोब पै-पैसह फलकावर लावतो. तीच शिस्त आता ग्रामसभेत न्यायची आहे. वस्तीतल्या पाच तरुणांनी, त्यांत किमान दोन मुलींनी, एवढे करावे: सभेची नोटीस मागावी, आपला विषय आधी लेखी द्यावा, १५ टक्के निधीचा हिशोब विचारावा आणि माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत घ्यावी. सभाच झाली नसेल, तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.

आपला सरपंच असेल, तर हे अधिकच गरजेचे. दबावाखाली एकट्या पडलेल्या सरपंचताईंच्या मागे बसलेली वस्ती हेच त्यांचे बळ आहे.

जय भीम.